घटक ४ : फ्रेड हॉइल – विश्वरचना आणि मूलद्रव्यांचा उगम

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• मूलद्रव्यांच्या उगमाचा प्रश्न कोणता होता आणि हॉइल यांनी त्याचे उत्तर कसे शोधले, हे सांगता येईल.
• कार्बनविषयी हॉइल यांनी केलेल्या भाकिताचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• स्थिर स्थिती सिद्धांत मागे का पडला, याची कारणमीमांसा करता येईल.
• निरीक्षण, अनुमान व भाकीत यांतील भेद ओळखून विज्ञानविषयक लेखनाचे परीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात एका ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाच्या कार्यावर स्वतंत्र घटक कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे आहेत. मराठी विज्ञानसाहित्यात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते डॉ. जयंत नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य व सहकारी होते. त्यांचे विज्ञानलेखन समजून घेताना या गुरूची वैचारिक भूमिका माहीत असणे उपयुक्त ठरते. हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. हॉइल यांनी दोन मोठे सिद्धांत मांडले. ताऱ्यांत मूलद्रव्ये घडतात, हा एक. विश्वाला आरंभ नाही, हा दुसरा. पहिला आज पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला आहे. दुसरा बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नाकारला आहे. माणूस एकच, बुद्धी एकच, निर्भीडपणाही तोच. मग एका मताला मान्यता मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, हे ठरले कशावरून? 'मोठ्या माणसाने सांगितले म्हणून खरे' किंवा 'एकदा चुकला म्हणून सगळेच खोटे' अशा दोन टोकांकडे आपले मन सहज झुकते. ही दोन्ही टोके टाळून एखाद्या विधानाचा विचार कसा करावा, हे या घटकातून शिकायचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ अल्पपरिचय

फ्रेड हॉइल यांचा जन्म २४ जून १९१५ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बिंगली गावाजवळ झाला. वडील लोकरीच्या व्यापारात होते. केंब्रिज विद्यापीठात गणिताचे शिक्षण घेतल्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रडारसंबंधी संशोधन केले. तेथे हर्मन बॉन्डी आणि थॉमस गोल्ड हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्यांना सहकारी म्हणून लाभले. दिवसा युद्धाचे काम आणि उरलेल्या वेळी विश्वरचनेची चर्चा, असा या तिघांचा क्रम होता.

१९४४ साली रडारच्या कामानिमित्त हॉइल अमेरिकेत गेले असता त्यांची वॉल्टर बाडे या खगोलनिरीक्षकाशी भेट झाली. अतिनवतारे, म्हणजे प्रचंड स्फोट होऊन अल्पकाळ अतितेजस्वी होणारे तारे, हा बाडे यांच्या अभ्यासाचा विषय होता. ताऱ्याचा गाभा कोसळताना किती तापमान निर्माण होत असेल आणि त्या तापमानात अणुकेंद्रांचे काय होत असेल, या प्रश्नाने हॉइल यांच्या मनात तेव्हापासून घर केले.

४.२.२ मूलद्रव्ये आली कोठून?

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. तुमच्या घरातील तवा लोखंडाचा आहे, पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन आहे, चुन्यात कॅल्शियम आहे. रासायनिक क्रियेने एका पदार्थापासून दुसरा पदार्थ करता येतो. परंतु एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य करता येत नाही. त्यासाठी अणुकेंद्रच बदलावे लागते आणि अणुकेंद्रे एकमेकांत मिसळण्यासाठी कोट्यवधी अंशांचे तापमान लागते. एवढी प्रखर भट्टी विश्वात कोठे असेल?

१९४०च्या दशकात या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. जॉर्ज गॅमो आणि त्यांचे विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी १९४८ साली असे मांडले की, विश्वाचा आरंभ अतितप्त व अतिघन अवस्थेत झाला आणि त्या पहिल्या काही मिनिटांतच सर्व मूलद्रव्ये तयार झाली. या कल्पनेत एक मोठी अडचण होती. हायड्रोजनच्या केंद्रात एकेक कण मिळवत वर चढायचे, तर वस्तुमानांक पाच आणि आठ या दोन पायऱ्याच गायब आहेत. या वस्तुमानांकांची स्थिर अणुकेंद्रे निसर्गात नाहीत. त्यामुळे हेलियमच्या पुढे ही चढण जवळजवळ थांबते.

हॉइल यांनी १९४६ सालीच दुसरे उत्तर दिले होते. त्यांच्या मते ही भट्टी म्हणजे ताऱ्याचा गाभा होय. सूर्यासारख्या ताऱ्यात हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातून ऊर्जा मिळते, हे हान्स बेथे यांच्या १९३९च्या संशोधनामुळे माहीत झाले होते. हॉइल यांनी त्यापुढचा विचार केला. मोठ्या ताऱ्यातील इंधन संपले की गाभा स्वतःच्या भाराने आकुंचन पावतो आणि अधिक तापतो. हे तापमान अब्जावधी अंशांपर्यंत गेले, तर तेथे लोहापर्यंतची अणुकेंद्रे तयार होतील. विश्वात लोह व त्याच्या आसपासची मूलद्रव्ये शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने बरीच विपुल आहेत, या निरीक्षणाचा उलगडा या गणिताने होत होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) रासायनिक क्रियेने एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य का करता येत नाही?
(आ) गॅमो व आल्फर यांच्या मांडणीतील मुख्य अडचण कोणती होती?

४.२.३ कार्बनचे कोडे

ताऱ्यांच्या बाबतीतही पाच आणि आठ या गायब पायऱ्यांचा प्रश्न होताच. एडविन सॅलपीटर यांनी १९५२ साली त्यातून वाट सुचवली. हेलियमची दोन केंद्रे एकत्र येऊन बेरिलियमचे केंद्र बनते. ते अत्यंत अस्थिर असते. एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचे पुन्हा एक कोटी भाग केले, तर जो क्षण मिळेल त्याहूनही कमी काळात ते मोडते. तथापि ताऱ्याच्या गाभ्यात एवढी दाटी असते की, ते मोडण्यापूर्वी तिसरे हेलियम केंद्र त्यावर आदळू शकते आणि कार्बन तयार होऊ शकतो.

हॉइल यांनी हे गणित तपासले, तेव्हा त्यांना त्यात उणीव दिसली. या मार्गाने कार्बन तयार होईल, पण फार थोडा. आणि जो होईल तोही आणखी एक हेलियम केंद्र घेऊन ऑक्सिजनमध्ये रूपांतरित होईल. प्रत्यक्षात मात्र विश्वात कार्बन विपुल आहे. म्हणजे कार्बन घडण्याचा वेग या गणितापेक्षा पुष्कळ जास्त असला पाहिजे. तो कशामुळे वाढत असेल?

येथे झोपाळ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. झोपाळ्याला कसाही धक्का दिला तर तो फारसा उंच जात नाही; त्याच्या लयीशी जुळणारा धक्का दिला तर थोड्या जोरातही उंच जातो. अणुकेंद्रांच्याही अशा ठरावीक ऊर्जापातळ्या असतात. दोन केंद्रे एकत्र येताना त्यांची एकूण ऊर्जा नव्या केंद्राच्या एखाद्या पातळीशी जुळली, तर ती अभिक्रिया अनेक पटींनी वेगाने होते. बेरिलियम व हेलियम यांची एकत्रित ऊर्जा कार्बनच्या मूळ पातळीपेक्षा सुमारे ७.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने अधिक असते. त्यात ताऱ्यातील उष्णतेची थोडी भर पडते. म्हणून कार्बनच्या केंद्राला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक पातळी असलीच पाहिजे, असे अनुमान हॉइल यांनी काढले.

१९५३ साली ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत होते. तेथे विल्यम फाउलर यांच्या अणुकेंद्र-भौतिकीच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी या पातळीचा शोध घेण्याचा आग्रह धरला. ताऱ्यांविषयीच्या विचारातून एका खगोलशास्त्रज्ञाने अणुकेंद्राचा गुणधर्म सांगावा, ही गोष्ट तेथील भौतिकशास्त्रज्ञांना प्रथम विश्वासार्ह वाटली नाही. तरीही वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. अपेक्षित ठिकाणी ती पातळी सापडली.

या प्रसंगातील तर्काची साखळी लक्षात घ्या. विश्वात कार्बन विपुल आहे, हे निरीक्षण. तो ताऱ्यांतच घडला असावा, हे अनुमान. तसे असेल तर कार्बनच्या केंद्राला अमुक ऊर्जेची पातळी असली पाहिजे, हे भाकीत. प्रयोग फसला असता, तर हॉइल यांना आपली मांडणी सोडून द्यावी लागली असती. स्वतःला खोटे ठरवण्याची संधी देणारे असे विधान करणे, हे या भाकिताचे खरे वैशिष्ट्य होय. त्या पातळीच्या आधारे जीवसृष्टी व विश्वामागील हेतू यांविषयीचे तात्त्विक विचार पुढील काळात बरेच मांडले गेले. १९५३चा युक्तिवाद मात्र कार्बनच्या विपुलतेवर उभा होता, हा फरक तुम्ही ध्यानात ठेवावा.

४.२.४ चौघांचा निबंध

१९५७ साली मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनी ताऱ्यांतील मूलद्रव्यनिर्मितीवर शंभराहून अधिक पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध केला. मार्गारेट बर्बिज या ताऱ्यांच्या वर्णपटांच्या निष्णात निरीक्षक होत्या, तर फाउलर प्रयोगशाळेतील अणुकेंद्र-भौतिकीचे जाणकार. आकाशातील निरीक्षण, प्रयोगशाळेतील मापन आणि कागदावरील गणित या तिन्हींचा मेळ या निबंधात पडला. त्याच वर्षी ॲलिस्टर कॅमेरॉन यांनी स्वतंत्रपणे अशाच स्वरूपाचे निष्कर्ष मांडले.

निबंधातील प्रतिपादन थोडक्यात असे. ताऱ्यात प्रथम हायड्रोजनचे हेलियम होते. पुढे हेलियमपासून कार्बन व ऑक्सिजन बनतात. वजनदार ताऱ्यांत ही मालिका अधिकाधिक तापमानाला लोहापर्यंत पोहोचते. लोहाच्या परिसरातील अणुकेंद्रांची बांधणी सर्वांत घट्ट असल्यामुळे त्यापुढे केंद्रे जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट ती खर्च करावी लागते. म्हणून लोहापलीकडची बहुतेक मूलद्रव्ये न्यूट्रॉन ग्रहण करून तयार होतात. हे ग्रहण दोन प्रकारांनी होते. तांबड्या राक्षसी ताऱ्यांत ते संथपणे होते. स्फोटक परिस्थितीत ते अतिशय वेगाने होते.

संथ प्रकाराला एक बोलका पुरावा उपलब्ध होता. टेक्निशियम हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे. त्याच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराचेही अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षे आहे. ताऱ्यांच्या वयाच्या मानाने हा काळ अगदी अल्प होय. पॉल मेरिल यांना १९५२ साली काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटांत टेक्निशियमच्या रेषा आढळल्या. ताऱ्याच्या जन्मापासून ते तेथे असते, तर केव्हाच नष्ट झाले असते. अर्थात ते त्या ताऱ्यातच नव्याने तयार होत होते.

या निबंधाचा आणखी एक गुण विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखा आहे. लेखकांनी निर्मितीच्या आठ प्रक्रिया सांगितल्या. त्यांतील शेवटच्या प्रक्रियेला त्यांनी अज्ञात राशीसाठी वापरले जाणारे 'एक्स' हे अक्षर दिले. ड्युटेरियम, लिथियम, बेरिलियम व बोरॉन यांसारखी हलकी केंद्रे ताऱ्यांच्या उष्णतेत टिकत नाहीत. ती कोठे घडतात हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ड्युटेरियम हे आरंभीच्या तप्त विश्वातील आहे आणि बेरिलियम व बोरॉन विश्वकिरणांच्या आघातांतून तयार होतात, हे नंतर उलगडले. अतिवेगवान न्यूट्रॉन ग्रहणाचे एक ठिकाण म्हणजे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, यालाही २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधातून आधार मिळाला. मूळ आराखडा टिकला आणि त्यातील रिकाम्या जागा भरत गेल्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) लोहानंतरची बहुतेक मूलद्रव्ये कोणत्या रीतीने तयार होतात?
(आ) तांबड्या राक्षसी ताऱ्यात टेक्निशियम सापडणे महत्त्वाचे का ठरले?

४.२.५ आरंभ नसलेले विश्व

आता हॉइल यांच्या दुसऱ्या सिद्धांताकडे वळू. दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत, विश्व प्रसरण पावत आहे, हे १९२९ नंतर सर्वमान्य झाले होते. प्रसरणाचा हा पट उलटा गुंडाळला तर एका क्षणी सर्व काही एकवटलेले असणार, असे अनुमान निघते. परंतु त्या काळातील मापनांनुसार हा क्षण सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचा ठरत होता, आणि पृथ्वीवरील खडकांचे वय त्याहून अधिक भरत होते. विश्व पृथ्वीपेक्षा लहान कसे असेल?

१९४८ साली बॉन्डी व गोल्ड यांनी एकत्रितपणे आणि हॉइल यांनी स्वतंत्रपणे यावर स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, पण विरळ होत नाही. कारण वाढत्या अवकाशात नवे द्रव्य सतत निर्माण होत असते. हे प्रमाण इतके अल्प असते की प्रयोगशाळेत ते मोजता येणार नाही. अशा विश्वाला आदी नाही आणि अंतही नाही. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवरील भाषणात प्रतिपक्षाच्या मताचे वर्णन करताना हॉइल यांनी 'बिग बँग' असा शब्दप्रयोग केला. ज्या सिद्धांताला त्यांनी जन्मभर विरोध केला, त्याचे जगभर रूढ झालेले नाव त्यांनीच दिलेले आहे. मराठीत आपण त्याला 'महास्फोट' म्हणतो.

येथे दोन सिद्धांतांमधील नाते स्पष्ट होते. विश्वाला तप्त आरंभच नसेल, तर मूलद्रव्यांसाठी आरंभीची भट्टीही मिळणार नाही. सर्व मूलद्रव्ये ताऱ्यांतच घडली पाहिजेत. ताऱ्यांतील निर्मितीचा विचार हॉइल यांनी १९४६ सालीच सुरू केला होता. १९४८ नंतर तो त्यांच्या विश्वरचनेची गरजच होऊन बसला.

स्थिर स्थिती सिद्धांत हाही तपासता येण्याजोगा होता, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. विश्व सर्व काळी सारखेच असेल, तर दूरचे, म्हणजेच भूतकाळातील, विश्वही आजच्यासारखे दिसले पाहिजे. केंब्रिजमध्येच मार्टिन राईल यांनी केलेल्या रेडिओस्रोतांच्या गणनेत अंधूक स्रोतांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त भरली. यावरून हॉइल व राईल यांच्यात तीव्र वाद झाला. बाडे यांच्या १९५२ मधील दुरुस्तीमुळे दीर्घिकांची अंतरे वाढली आणि विश्वाचे वयही वाढले. त्यामुळे वयाची मूळ अडचण हळूहळू नाहीशी झाली. १९६५ साली आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला. आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सुमारे तीन अंश निरपेक्ष तापमानाचे प्रारण त्यांना आढळले होते. एकेकाळच्या तप्त विश्वाची ही खूण आहे, असे बहुतेकांनी मानले.

याहून लक्षणीय बाब अशी की, महास्फोटाला अनुकूल असा एक महत्त्वाचा पुरावा खुद्द हॉइल यांच्याच हातून पुढे आला. विश्वात वजनाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे. एवढे हेलियम सामान्य ताऱ्यांत तयार होणे शक्य नाही, हे हॉइल व रॉजर टेलर यांनी १९६४ साली दाखवले. त्यासाठी एखादी अतितप्त, अतिघन अवस्था लागते. गणिताचा निष्कर्ष आपल्या आवडत्या सिद्धांताला प्रतिकूल असूनही त्यांनी तो प्रसिद्ध केला. आजचे उत्तर दोन्ही पक्षांत विभागलेले आहे. हायड्रोजन व बहुतांश हेलियम आरंभीच्या विश्वातील. कार्बनपासून पुढचे ताऱ्यांशी निगडित. पाण्याच्या एका थेंबातही हा समेट आहे. त्यातील हायड्रोजन गॅमो यांच्या बाजूचा, तर ऑक्सिजन हॉइल यांच्या बाजूचा.

४.२.६ नारळीकर आणि मराठीशी नाते

जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन ते १९५७ साली केंब्रिजला गेले आणि पुढे हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत प्रसिद्ध झाला. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी स्थिर स्थिती सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तिला फारशी मान्यता लाभली नाही. तरीही प्रचलित मताला पर्याय शोधत राहणे आवश्यक आहे, ही भूमिका नारळीकरांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

गुरूकडून शिष्याकडे लेखनाचा वारसाही आला. चौघांचा निबंध ज्या १९५७ साली आला, त्याच वर्षी हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञानकादंबरी प्रसिद्ध झाली. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, अशी त्यामागची दक्षता होती. लेखकाचे नाव बाजूला ठेवून लेखन जोखले जावे, ही अपेक्षा आणि माणूस बाजूला ठेवून विधान जोखावे, हे या घटकाचे सूत्र, ही दोन्ही एकाच जातीची आहेत.

४.२.७ मूल्यमापन

१९८३ साली मूलद्रव्यनिर्मितीच्या संशोधनासाठी फाउलर यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हॉइल यांना मिळाला नाही. याबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी खेद व्यक्त केला. १९९७ साली हॉइल व सॅलपीटर यांना क्रॅफर्ड पारितोषिक देण्यात आले. उत्तरायुष्यात हॉइल यांनी जीवसृष्टीचे बीज धूमकेतूंद्वारे अवकाशातून आले, असे प्रतिपादन केले. आर्किऑप्टेरिक्स या प्राचीन पक्ष्याचा लंडनमधील जीवाश्म बनावट असल्याचा दावाही केला. संग्रहालयातील तज्ज्ञांनी तो पुराव्यानिशी खोडून काढला. २० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

या चुकांमुळे कार्बनच्या ऊर्जापातळीचे महत्त्व उणावत नाही, आणि कार्बनच्या यशामुळे जीवाश्माचा दावाही खरा ठरत नाही. प्रत्येक विधानाला स्वतःच्या पुराव्यावर उभे राहावे लागते. वर्तमानपत्रातील एखादा लेख, कोणा नामवंताचे व्याख्यान किंवा हा घटकसुद्धा वाचताना तुम्ही तीन प्रश्न विचारावेत. येथे प्रत्यक्ष पाहिलेले काय आहे? त्यावरून काढलेले काय आहे? आणि हे चुकीचे असेल तर ते कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नाला ज्या मताजवळ उत्तर नाही, त्याबाबत सावध राहणे इष्ट होय.

४.३ सारांश

हॉइल यांनी १९४६ पासून ताऱ्यांतील मूलद्रव्यनिर्मितीचा विचार मांडला. १९५३ मधील कार्बनच्या ऊर्जापातळीचे भाकीत प्रयोगाने खरे ठरले आणि १९५७च्या निबंधाने या शास्त्राचा पाया घातला. त्यांचा स्थिर स्थिती सिद्धांत रेडिओस्रोतांची गणना, पार्श्वभूमी प्रारण व हेलियमचे प्रमाण यांपुढे टिकला नाही. दोन्ही सिद्धांत तपासता येण्याजोगे होते. निर्णय पुराव्याने केला.

४.४ पारिभाषिक शब्द

अतिनवतारा : आयुष्याच्या अखेरीस प्रचंड स्फोट होऊन अतितेजस्वी होणारा तारा.
अर्धायुष्य : किरणोत्सारी द्रव्याचा निम्मा भाग नष्ट होण्यास लागणारा काळ.
दीर्घिका : अब्जावधी ताऱ्यांचा समूह.
प्रारण : लहरींच्या रूपाने पसरणारी ऊर्जा.
वर्णपट : प्रकाशाचे पृथक्करण केल्यावर दिसणारा रंगांचा व रेषांचा पट्टा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) रासायनिक क्रियेत अणुकेंद्र बदलत नाही, मूलद्रव्य बदलण्यासाठी अणुकेंद्र बदलावे लागते. (आ) पाच व आठ वस्तुमानांकांची स्थिर अणुकेंद्रे नसल्यामुळे हेलियमपुढील निर्मिती जवळजवळ थांबते.
प्रश्न २ : (अ) न्यूट्रॉनांचे संथ किंवा अतिवेगवान ग्रहण होऊन. (आ) टेक्निशियम ताऱ्याच्या वयाच्या मानाने अल्पायुषी असल्याने ते त्या ताऱ्यातच नव्याने तयार होत असल्याचे सिद्ध झाले.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) कार्बनच्या ऊर्जापातळीविषयीच्या हॉइल यांच्या तर्कातील निरीक्षण, अनुमान व भाकीत वेगळे करून दाखवा.
(२) 'हॉइल यांच्याच संशोधनाने महास्फोट सिद्धांताला बळ मिळाले.' या विधानाची साधार चर्चा करा.
(३) स्थिर स्थिती सिद्धांत मागे पडण्याची कारणे लिहा.
(४) वृत्तपत्रातील कोणताही एक विज्ञानविषयक लेख निवडा आणि ४.२.७ मधील तीन प्रश्नांच्या आधारे त्याचे सुमारे ३०० शब्दांत परीक्षण करा.